धूळ म्हणून पुसलेला दोरा

ताईला ताई म्हणणारा खरा हक्कदार एकच, धाकटा भाऊ. पण त्याची हाक आधी घरभर झाली, मग दुकानात गेली, आणि आता सत्तरीची गिऱ्हाइकंही काउंटरवरून आत मान घालून "ताई, झालं का आमचं?" असं विचारत. वडीलसुद्धा तिला ताईच म्हणत. तिचं नाव तेवढं बँकेच्या पासबुकात उरलं होतं.

फोटो स्टुडिओ वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. पुढच्या भागात आता धाकटा बसे आणि मोबाइलची कव्हरं, चार्जर, ओळखपत्राचे फोटो असं चाललं तसं चालवी. मागची खोली ताईची. पूर्वी ती डार्करूम होती. तिची एकुलती खिडकी अण्णांनी तरुणपणीच फळ्या ठोकून, वर काळा रंग फासून बंद केली होती, कारण तेव्हा उजेड वैरी होता. फिल्म धुण्याचे दिवस संपले, ट्रे आणि बाटल्या माळ्यावर गेल्या, त्यांच्या जागी स्कॅनर आला. आता तरी खिडकी उघडू या का, असं ताईने एकदा विचारलं. त्यावर धाकटा म्हणाला की रस्त्याची धूळ आत येईल. निगेटिव्हवर एक कण बसला तरी पडद्यावर धोंडा दिसतो, हे तूच सांगतेस. खरं होतं, तीच सांगत असे. स्वतःच्याच शब्दांत माणूस असा सापडला की पुढे बोलायला तोंड राहत नाही. उजेडासाठी बंद केलेली खिडकी धुळीसाठी बंदच राहिली.

त्या खोलीत ताई लोकांचे गेलेले दिवस परत आणून द्यायची. हातात सुती मोजे, जवळ रबरी फुगा. निगेटिव्हची पट्टी कडेने चिमटीत धरायची, फुग्याने फुंकर मारायची, चकचकीत बाजू कुठली आणि मंद बाजू कुठली ते तिरप्या उजेडात बघायचं आणि पट्टी साच्यात बसवायची. झाकण खाली आलं की आत दिव्याची रेघ सरकू लागे आणि पडद्यावर, काळे दात आणि पांढरे केस असलेल्या भुतांमधून, कुणाची तरी आत्या हसत बाहेर येई. इतकी वर्षं हे केल्यावर ताईला पडद्याची गरजही उरली नव्हती. नुसती निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तरी कोण लाजतंय आणि कोण रुसलंय ते तिला कळे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका बाईंना लग्नाच्या सगळ्या फोटोंतून दीर काढून हवा होता. "मशीनमध्ये घालताना तेवढाच बाहेर ठेवा," त्यांनी सुचवलं होतं. एका गृहस्थांनी स्लाइडचा डबा आणला आणि तीन वेळा बजावलं की बायको आली तर हा डबा माझा नाही म्हणून सांगा. आत बघितलं तर सगळ्या स्लाइड्स कुत्र्याच्या. आधीच्या घरातल्या, बायकोने दुसऱ्याला देऊन टाकलेल्या कुत्र्याच्या. ताईने त्या जास्त निगुतीने करून दिल्या.

तिचं लग्न दोनदा ठरत आलं आणि दोनदा फिसकटलं. मग आईचं दुखणं आलं, ते आईला घेऊनच गेलं. मग अण्णांचे डोळे. दर वेळी घरातले म्हणत, एवढं आटोपलं की बघू. पण 'एवढं' नावाची गोष्ट आटोपत नसते. एका 'एवढ्या'च्या पोटात दुसरं असतं. असं करता करता ताई चाळिशी ओलांडून गेली आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही, कारण दिवसभर ती दुसऱ्यांच्या जुन्या सालांत असे.

अण्णांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं धूसर दिसे. समोरच्याचा चेहरा दिसत नसे, पण त्याच्या कानामागची भिंत दिसे. आयुष्यभर लोकांना "इकडे बघा" म्हणणाऱ्या माणसाला नेमकं जिकडे बघावं तेच दिसेना. जन्मभर काढलेले त्यांचे फोटो मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होते, बहुतेक सगळे काळेपांढरे. संध्याकाळी ते भिंत चाचपत येत, ताईच्या खुर्चीमागच्या स्टुलावर बसत आणि म्हणत, "सांग."

मग ताई सांगे. एक माणूस, सायकल, मागे दुकानाची पाटी. अण्णा डोळे मिटून म्हणत, "तो कुलूपवाला. सायकल त्याची नव्हे, मेव्हण्याची. फोटोपुरती मागून आणली होती." ताई ते नाव फोटोखाली टाइप करी. तिला दिसे पण माहीत नसे. अण्णांना माहीत असे पण दिसत नसे. दोघं मिळून एक माणूस पुरा होई. भावजय चहा घेऊन आली की म्हणायची, "चाललंय का दोघांचं हजेरी घेणं?" आणि हसून जायची. ती वाईट नव्हती. घरात कुणीच वाईट नव्हतं, म्हणून तर भांडायला कुठे हात घालावा ते ताईला सापडत नसे.

अशात एक काम आलं. दूरच्या शहरातल्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई स्वतः एक ट्रंक घेऊन आल्या. भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक वारले होते आणि त्यांच्या स्लाइड्स कॉलेजकडे आल्या होत्या: कडे, दऱ्या, खडकांचे थर, बाजूला मापासाठी ठेवलेली एक हातोडी. ताईने ते काम केलं आणि पहिल्यांदाच तिला संध्याकाळी थकवा आला नाही. दगड कुणाचे आजोबा नसतात. त्यांना ओळखायचं नसतं, त्यांच्याबद्दल हळहळायचं नसतं. ते असतात तसे दाखवले की झालं.

ग्रंथपालबाईंनी काम पाहिलं आणि महिन्याभराने फोन केला. कॉलेजकडे अशा किती तरी पेट्या होत्या, एक कायमची जागा मंजूर झाली होती, आवारात राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. एक तारखेला रुजू व्हावं लागेल, त्यापुढे जागा थांबणार नाही. ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ हातमोजे काढायचे विसरून ती बसून राहिली.

घरात कुणी आरडाओरडा केला नाही. धाकटा म्हणाला, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?" आणि त्याच संध्याकाळी तो मागच्या खोलीत येऊन मोबाइल दुरुस्तीचं टेबल कुठे बसेल ते फूटपट्टीने बघू लागला. कपाटाचं काय करायचं यावर त्याचं मत ठरलेलंच होतं. निगेटिव्ह आता उतरू लागल्या होत्या. जुनी फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते, तसा वास कपाट उघडलं की यायचा. सगळं एकदा स्कॅन झालं की तो कचरा ठेवायचा कशाला, असं तो म्हणे. अण्णा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा. पण कपाट पुरं करून जा. मग त्याला काय टाकायचं ते टाकू दे. एकदा सगळं त्या डबीत गेलं की माझी हरकत नाही." डबी म्हणजे हार्ड डिस्क.

ताईने कंबर कसली. एरवी एकेक पट्टी मोठी करून बघणारी ती, आता साचे भरून लावू लागली. यंत्र आपलं आपण ओळीने ओढत राही, ती तेवढ्यात पुढचे साचे भरी. पडद्यावर बोटभर चौकोन उमटत, त्यांतून माणसं दिसली की पुढे. संध्याकाळचं "सांग" तेवढं चालू राहिलं, पण तेही भराभर; पुष्कळ फोटो नावावाचूनच पुढे गेले. कपाटाचे कप्पे एकेक करून रिकामे होत गेले, आणि दर रिकाम्या कप्प्याबरोबर ताईचा श्वास थोडा मोकळा होत गेला. शेवटचा कप्पा संपला तेव्हा एक तारखेला आठवडा उरला होता. तिने बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली.

त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "शिंपीणबाई आली का गं?"

ही शिंपीणबाई म्हणजे अण्णांचा सगळ्यात आवडता फोटो. दुकानाच्या पायरीवर बसून सुईत दोरा ओवणारी एक म्हातारी. अण्णा तरुण होते. दोऱ्यावर उजेड पडेपर्यंत ते समोरच्या फुटपाथवर उकिडवे बसून राहिले होते, पाय आखडले होते, आणि शेवटी बाईने सुई किंचित फिरवली तेव्हा तो दोरा तारेसारखा पेटला होता. एवढंच. त्या फोटोला कधी बक्षीस मिळालं नाही, तो कुणी विकत घेतला नाही.

"आली," ताई म्हणाली.

"दोरा दिसतोय?"

ताईने फोटो पूर्ण मोठा केला. म्हातारी होती. चिमटीत सुई होती. दुसऱ्या हाताची बोटं हवेत काहीतरी धरून होती. त्या दोन हातांच्या मध्ये काहीच नव्हतं.

"दिसतोय," ती म्हणाली. "चांगला दिसतोय."

अण्णा खूश होऊन जेवायला गेले. ताई पडद्यासमोरून हलली नाही. ती पट्टी तिने शोधून दिव्यासमोर धरली. दोरा होता, केसाएवढा, ठसठशीत. म्हणजे फिल्मवर होता आणि यंत्रातून येताना नाहीसा झाला होता. मग तिची नजर पडद्याच्या कडेला गेली. धूळ पुसण्याची खूण लागलेली होती.

यंत्रात ही एक सोय असते. रंगीत फिल्मच्या आरपार ते एक न दिसणारा प्रकाश सोडतं. रंग त्याला वाट देतात, धूळ आणि चरे देत नाहीत, म्हणून कुठे धूळ आहे ते यंत्राला कळतं आणि ते ती जागा शेजारच्या रंगाने भरून टाकतं. काळ्यापांढऱ्या फिल्मवर मात्र चित्रच चांदीचं असतं, आणि चांदी त्या प्रकाशाला अडवते. यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही. म्हणून काळ्यापांढऱ्याला ती खूण काढूनच ठेवायची, ही पहिली शिकवण. ताईने काढलीच होती. पण मध्यंतरी धाकट्याने नवा कॉम्प्युटर आणून बसवला, त्यात सगळं मूळपदावर गेलं, आणि घाईत तिने पुन्हा बघितलं नाही. बोटभर चौकोनात दोरा कुणाला दिसतो?

ती एकेक फोटो उघडत गेली. जे जे बारीक होतं ते गेलं होतं. विजेच्या तारा गेल्या होत्या, खांब तेवढे उभे. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, पोरांच्या पापण्या, कुलूपवाल्याच्या सायकलच्या काड्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे दोरीवाचून हवेत लटकत होते. माणसं ओळखू येत होती, पण जणू कुणी ओल्या बोळ्याने त्यांच्यावरून हात फिरवला होता. कपाटाचा निम्म्याहून जास्त भाग असाच होता.

दुसऱ्या दिवशी धाकटा मागे आला तेव्हा पडद्यावर त्यांच्या मावशीचा तरुणपणीचा फोटो होता. "अरे वा," तो म्हणाला, "मावशी केवढी गोरीगुळगुळीत आलीय. हे काय केलंस? गिऱ्हाइकांनाही असंच करून दे की." आणि कपाट न्यायला भंगारवाला शनिवारी येणार असल्याचं सांगून तो काउंटरवर गेला.

म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. ज्याला दिसलं असतं त्याला दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत होतं त्याला तेच छान वाटत होतं. ताईने तोंड मिटून बॅग भरायची, बसमध्ये बसायचं, इतकंच होतं. शनिवारी भंगारवाला आला की दोरा कायमचा गेला असता आणि त्याबरोबर तो कधीकाळी होता याची साक्षही. आणि बोललं तर पुन्हा पहिल्या कप्प्यापासून. एक तारीख गेली, जागा गेली, आणि ह्या फळ्या ठोकलेल्या खोलीत ती आणि तिच्यामागे स्टुलावर "सांग". तिने दोन दिवस काहीच केलं नाही. गिऱ्हाइकांची कामं केली, भाजी निवडली, भावजयीने विचारलं की ताई, जायच्या आधीच कुठे गेलात, तर हसली. रात्री अंथरुणावर पडली की तिला बाईचे ते दोन हात दिसत, मध्ये काहीच नसलेले.

शुक्रवारी दुपारी धाकटा माल आणायला गेला होता. ताईने अण्णांना हाताला धरून मागे आणलं, स्टुलावर बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. खूण, घाई, दोरा. आधी खोटं बोलली होती तेही सांगितलं.

अण्णा हाताने टेबलाची कड चाचपत राहिले. "म्हणजे सगळं परत करावं लागणार," ते शेवटी म्हणाले.

ताईने आयुष्यात एवढे चेहरे मोठे करून पाहिले होते की माणूस आनंद लपवताना ओठाजवळचा कुठला स्नायू ओढला जातो हे तिला पाठ होतं. तो ओढला गेला होता.

"अण्णा, तुम्हाला आनंद झालाय."

"झालाय," अण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तू दोन दिवस बोललीस तेवढं पुरे."

ताईला राग आला. इतका की मोजे हातातून काढून तिने टेबलावर आपटले. आणि ते सुती असल्यामुळे काही आवाजच झाला नाही. मग ती म्हणाली की मी थांबणार नाही, एक तारखेला मी जाणार म्हणजे जाणार. कपाट मी बरोबर नेईन, तिथे यंत्र चांगलं आहे, वेळ मिळेल तसं करीन. हे असं करता येईल, हे तिला बोलता बोलताच सुचलं होतं, आणि बोलून झाल्यावर तिला वाटलं, सुटले.

अण्णांनी मान हलवली. "कपाट नेशील गं," ते म्हणाले. "नावं कुठून नेशील?"

तिला लगेच कळलं ते काय विचारतायत. बाहेर काउंटरवरचा फोन वाजून थांबला. ती 'चला' म्हणाली नाही. पण 'नको' म्हणायला एक क्षण असतो, तो येतो आणि जातो, आणि तिने तो जाऊ दिला. अण्णा उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "माझे लोकरीचे कपडे कुठल्या ट्रंकेत आहेत गं? तिकडे थंडी असते म्हणतात."

सगळ्यात जास्त चपळाई धाकट्याने दाखवली. भंगारवाल्याला फोन करून त्याने येऊ नको सांगितलं आणि दुसऱ्या फोनवर टेम्पो ठरवला. अण्णांची औषधं, काठी, स्टूल, सगळं त्याने जातीने बांधलं. कपाट उचलताना त्याने स्वतः खांदा दिला. "हवापालट होईल त्यांना," तो ताईला म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळून दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळली. भावजय तेवढी रडली, मनापासून. टेम्पो वळेपर्यंत ती दारात होती. धाकटा आत फूटपट्टी शोधत होता.

टेम्पोत ताई मध्ये बसली. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला अण्णा, मांडीवर हार्ड डिस्क. बसच्या खिडकीजवळची जागा तिने आधीच राखून ठेवली होती; ते तिकीट रद्द करायचं राहून गेलं. वाटेत अण्णांनी किती तरी वेळा विचारलं, आता काय दिसतंय. ताई म्हणाली, रस्ता.

कॉलेजच्या आवारातल्या दोन खोल्या स्वच्छ होत्या. ग्रंथपालबाईंनी पाण्याचा माठ भरून ठेवला होता. त्यांनी अण्णांकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, आणि शहाणपणाने काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी ताईने ग्रंथालयाच्या हॉलमध्ये दिवसभर दगड केले. एक अख्खा कडा पडद्यावर उतरला, त्याच्या शिरा न् शिरा शाबूत, आणि तो कुणाचा कोण हे तिला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा अण्णा स्टुलावर तयार बसले होते. कपाटाचं दार त्यांनी चाचपत उघडून ठेवलं होतं, खोलीभर आंबट वास होता.

"आज नाही, अण्णा," ती म्हणाली. "आणि यापुढे रोज एकच पट्टी. ती झाली की मी फिरायला जाणार. एकटी."

"दोन," अण्णा म्हणाले.

"एक."

अण्णांनी विचार केला. "बरं. पण पुऱ्या सहा फोटोंची. दोन-दोनचे कापलेले तुकडे दाखवून फसवायचं नाही."

ताईने मान डोलावली, मग ते त्यांना दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाली. तिने पाणी प्यायलं, चपला घातल्या, दार लोटलं आणि ती पायरीवर येऊन उभी राहिली. आवारातला रस्ता समोर होता, झाडं होती, दूरवर कुणीतरी बॉल खेळत होतं. कुठल्या बाजूला जायचं ते तिने ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

आतून स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"ताई," अण्णांनी विचारलं, "गेलीस का?"

ती पायरीवरच होती.

"हो," ती म्हणाली, "गेले."